बारावीचा जीवशास्त्राचा पेपर : घोकंपट्टी सोडा, आपल्या घरापासून सुरुवात करा

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात, बॅनर लागतात, विहारात सत्कार होतात. त्याच मुलामुलींचे दोन वर्षांनी काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. डॉक्टर व्हायचे म्हणून विज्ञान शाखेत गेलेली, जीवशास्त्र घेतलेली कितीतरी मुले बारावीपर्यंत पोहोचताना मनाने खचलेली असतात. अभ्यासिकेत बसून या मुलांबरोबर काम करताना आम्हाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते, "सर, बायोलॉजी म्हणजे नुसते पाठांतर आहे आणि ते इंग्रजीतले पाठांतर आमच्याने होत नाही."

या वाक्यातला पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा खरा आहे. जीवशास्त्र नुसते पाठांतर नाही. पण ज्या मुलाला ते कळलेलेच नाही, त्याच्यापुढे पाठांतराशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. पाठ केलेले आठवड्यात विसरते, मग "आपल्याला जमत नाही" असे वाटू लागते. हा लेख त्या मुलांसाठी आहे. त्यांच्या मागे उभे राहू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही आहे.

खरी अडचण कुठे आहे

जिल्हा परिषदेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेले मूल अकरावी विज्ञानला गेले की पुस्तक एकदम इंग्रजी होते. शिक्षक भरभर शिकवतात. वर्गातली अर्धी मुले आधीच खासगी क्लासला जाऊन आलेली असतात. आपले मूल मागच्या बाकावर गप्प बसते. त्याला विषय येत नाही असे नसते, त्याला शब्द येत नसतात.

एक गोष्ट या मुलांना कोणी सांगतच नाही. बारावीत ज्या धड्याला सगळे घाबरतात, त्यातला बराच भाग त्यांनी मराठीत शिकलेला असतो. दहावीच्या विज्ञान भाग 2 च्या पुस्तकातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. त्यात प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे शब्द आहेत. बारावीतले ट्रान्सक्रिप्शन म्हणजे तेच प्रतिलेखन आणि ट्रान्सलेशन म्हणजे तेच भाषांतरण. गुणसूत्र म्हणजे क्रोमोझोम, जनुक म्हणजे जीन, विकर म्हणजे एन्झाईम, संप्रेरक म्हणजे हॉर्मोन, उत्परिवर्तन म्हणजे म्युटेशन.

म्हणून तयारीची पहिली पायरी अशी : दहावीचे मराठी पुस्तक रद्दीत देऊ नका. बारावीचा धडा सुरू करण्याआधी त्या विषयाचा दहावीतला किंवा नववीतला मराठी भाग एकदा वाचा. एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि खाली आपल्या बोलीत एका ओळीत अर्थ लिहा. बालभारतीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. त्यामुळे जुने पुस्तक हरवले असेल तरी अडचण नाही.

दुसरी पायरी म्हणजे शब्दांची फोड. जीवशास्त्रातले लांबलचक शब्द छोट्या तुकड्यांचे बनलेले असतात. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. एंडो म्हणजे आत, एक्सो म्हणजे बाहेर. लायसिस म्हणजे तुटणे, जेनेसिस म्हणजे निर्माण होणे. हे सहा तुकडे कळले की ग्लायकोलिसिस म्हणजे साखर तुटणे आणि स्पर्मॅटोजेनेसिस म्हणजे शुक्राणू तयार होणे, हे पाठ करावे लागत नाही. असे पंचवीस-तीस तुकडे जमवले तर निम्मी भीती जाते.

एक उदाहरण : सिकलसेल

समजून घेणे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण मुद्दाम आपल्या घरातले घेतो.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये 'सिकल' हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. आदिवासी समाजात आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. "तिचा एसएस पॅटर्न आहे", "मी एएस आहे" असे बोलणे आपल्या कानावर येते. पण एएस म्हणजे काय, हे विचारले तर बारावी विज्ञानचे मूलही अडखळते. खरे तर त्याच्या पुस्तकातले चार-पाच धडे या एका शब्दात सामावलेले आहेत.

आपल्या तांबड्या रक्तपेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते, ते ऑक्सिजन वाहून नेते. हे झाले श्वसन आणि रक्ताभिसरणाच्या धड्यातले. हे प्रथिन कसे बनवायचे याची सूचना डीएनएमध्ये लिहिलेली असते. त्या सूचनेत एका ठिकाणी जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी झाले, म्हणजे एकच अक्षर बदलले, तर प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. त्या लवकर मरतात, म्हणून रक्त कमी होते. हे झाले रेणवीय आनुवंशिकतेच्या धड्यातले. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. एखाद्या आजाराचे कारण रेणूपर्यंत शोधून काढण्याची ती सुरुवात होती.

आता मेंडेलचा धडा. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही चांगल्या असतील तर एए. एक चांगली आणि एक सिकलची असेल तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोन्ही सिकलच्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. आई एएस आणि वडील एएस असतील तर चौकट मांडा. चार घरांत एए, एएस, एएस, एसएस असे येते. प्रमाण 1 : 2 : 1. म्हणजे मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के. एक एए आणि एक एएस असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही, निम्मी शक्यता वाहक असण्याची.

इथे एक चूक परीक्षेतही होते आणि घरातही होते. "चारांत एक" याचा अर्थ चार मुलांपैकी एकच आजारी होईल, असा नाही. दर गरोदरपणात शक्यता नव्याने 25 टक्केच असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे जनुके ठरवत नाहीत. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने हे गणित फळ्यावर मांडले आणि ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या मावशीला हे कोणी सांगितलेच नाही." त्या दिवसानंतर तिला मेंडेलचा धडा कधी पाठ करावा लागला नाही.

पुढचा प्रश्न उत्क्रांतीच्या धड्यात नेतो. इतका त्रासदायक बदल टिकला कसा? कारण एएस असलेल्या माणसाला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक जास्त जगले आणि हे जनुक टिकले. म्हणून ते आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या परिसरात, अरबस्तानात आणि मध्य भारतात आढळते. याला नैसर्गिक निवड म्हणतात. सिकल हा कोणाच्या 'रक्ताचा दोष' नाही, कोणाच्या मागच्या जन्मीचे फळ तर मुळीच नाही. तो मलेरियाच्या इतिहासाचा आपल्या शरीरावरचा ठसा आहे.

आणि ते विशिष्ट समूहांतच जास्त का राहिले? कारण लग्ने त्याच समूहात होत राहिली, आणि दोन वाहक एकमेकांना भेटण्याची शक्यता वाढली. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात जातीचे मूळ लक्षण म्हणून जातीअंतर्गत विवाहावर बोट ठेवले होते. त्यांचा मुद्दा समाजशास्त्राचा होता. पण त्याच बंदिस्तपणाचे परिणाम बारावीच्या जीवशास्त्रातही दिसतात, हे आपल्या मुलांना कळायला हवे.

पाहा, एका आजारातून पाच धडे झाले. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि 2047 पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. पण तपासणीचा कागद वाचता येणारी आणि समजावून सांगणारी माणसे वस्तीत नसतील तर कोणतेही अभियान घरापर्यंत पोहोचत नाही. ती माणसे म्हणजे हीच आपली बारावीची मुले.

याच पद्धतीने इतर धडेही घराशी जोडता येतात. आजीचा मधुमेह म्हणजे इन्सुलिन, म्हणजे नियंत्रण आणि समन्वयाचा धडा. शेतातले तुरीचे पीक म्हणजे मुळांवरच्या गाठी, म्हणजे नायट्रोजनचे स्थिरीकरण. दह्याचे विरजण म्हणजे सूक्ष्मजीव. आधी घरातली गोष्ट, मग मराठी शब्द, मग इंग्रजी शब्द, मग आकृती. हा क्रम ठेवला की धडा डोक्यात राहतो.

पेपर कसा असतो

समजले म्हणजे गुण मिळाले, असे मात्र नाही. समजलेले कागदावर उतरवण्याची वेगळी तयारी लागते. महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा जीवशास्त्राचा लेखी पेपर 70 गुणांचा आणि तीन तासांचा असतो. प्रात्यक्षिक 30 गुणांचे असते. पुस्तकात 15 धडे आहेत. अलीकडच्या पेपरची रचना अशी :

– विभाग अ : एक-एक गुणाचे 10 बहुपर्यायी प्रश्न आणि एक-एक गुणाचे 8 अतिलघु प्रश्न. एकूण 18 गुण.
– विभाग ब : दोन गुणांचे 12 प्रश्न, त्यातले कोणतेही 8. एकूण 16 गुण.
– विभाग क : तीन गुणांचे 12 प्रश्न, त्यातले कोणतेही 8. एकूण 24 गुण.
– विभाग ड : चार गुणांचे 5 प्रश्न, त्यातले कोणतेही 3. एकूण 12 गुण.

ही रचना नीट पाहिली तर दोन गोष्टी कळतात. मोठ्या, पानभर उत्तरांना फक्त 12 गुण आहेत. 40 गुण दोन आणि तीन गुणांच्या छोट्या उत्तरांना आहेत. म्हणजे ज्याचे इंग्रजी फर्डे नाही, त्याच्यासाठी हा पेपर वाटतो तेवढा कठीण नाही. दोन गुणांना दोन अचूक मुद्दे आणि तीन गुणांना तीन मुद्दे किंवा आकृतीसह दोन मुद्दे, एवढेच हवे असते. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा. कर्ता, क्रियापद, माहिती. लांब वाक्य लिहायला गेलात की व्याकरणही चुकते आणि मुद्दाही हरवतो.

बहुपर्यायी प्रश्नांबाबत प्रश्नपत्रिकेवरच सूचना छापलेली असते, ती न वाचल्याने मुले गुण घालवतात. पर्यायाचे अक्षर आणि उत्तर, दोन्ही लिहावे लागते. नुसते अक्षर किंवा नुसते उत्तर लिहिले तर गुण नाही. तोच प्रश्न दोनदा सोडवला तर पहिलेच उत्तर धरले जाते. म्हणून खात्री करून एकदाच लिहा.

'फरक स्पष्ट करा' असे विचारले तर समोरासमोर मुद्दे मांडा. डावीकडे आकार आणि उजवीकडे कार्य लिहिले तर तो फरक होत नाही. 'कारण द्या' असे विचारले तर व्याख्या लिहून थांबू नका, "म्हणून" पर्यंत पोहोचा. आनुवंशिकतेचे उदाहरण असेल तर पालकांची जनुकरचना, युग्मके, चौकट, प्रमाण आणि शेवटी एक वाक्याचा निष्कर्ष, या पाच पायऱ्या सोडू नका.

आकृती ही आपल्या मुलांची मोठी ताकद होऊ शकते, कारण आकृतीला व्याकरण लागत नाही. हृदय, मेंदूचा छेद, बीजांड आणि भ्रूणकोष, शुक्राणू, लॅक ओपेरॉन या आकृत्या पुस्तक बंद करून काढता आल्या पाहिजेत. पेन्सिलने, मोठ्या, नावे एका बाजूला सरळ रेषेत. सुंदर नको, अचूक हवी.

वेळेचे गणित आम्ही असे सांगतो : विभाग अ 30 मिनिटे, ब 35, क 60, ड 35. शेवटची 20 मिनिटे तपासायला. घड्याळ लावून तीन तास एका जागी बसायची सवय परीक्षेआधी किमान पाच वेळा व्हायला हवी. एका खोलीच्या घरात ते शक्य नसते, टीव्ही चालू असतो, पाहुणे येतात. म्हणून अभ्यासिका लागते.

आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे नियोजन

लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, प्रात्यक्षिक त्याच्या आधी. आमचे नियोजन आपल्याच दिवसांवर बेतलेले आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून महापरिनिर्वाण दिनापर्यंत साधारण आठ आठवडे मिळतात. आठवड्याला दोन धडे घेतले तर 6 डिसेंबरपर्यंत पंधराही धडे एकदा समजून होतात. त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत दुसरी फेरी : आकृत्या, फरक, कारणे आणि प्रात्यक्षिकाची वही. परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यांत फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. ज्याची सुरुवात उशिरा झाली, त्याने घाबरून सगळे सोडू नये. दोन आणि तीन गुणांच्या प्रश्नांपासून सुरुवात करावी.

प्रात्यक्षिकाचे 30 गुण हलके घेऊ नका. वही वेळेवर पूर्ण करा. सूक्ष्मदर्शकात काय दिसते ते स्वतः पाहा, दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका. तोंडी परीक्षेत "का?" असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर उतरवून मिळत नाही.

नीट देणाऱ्यांसाठी एक सूचना. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे आहेत, हे खरे. पण नीटमध्ये पर्यायावर खूण करायची असते आणि बोर्डात लिहायचे असते. फक्त खुणा करण्याचा सराव केलेली मुले बोर्डात अडखळतात. एमबीबीएसच्या पात्रतेसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून राखीव प्रवर्गाला 40 टक्के गुण लागतात. तेव्हा बोर्ड दुय्यम नाही. आणि नीट हुकली म्हणजे जीवशास्त्र वाया गेले, असेही नाही. नर्सिंग, औषधनिर्माण, कृषी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, शिक्षकी पेशा, ही सगळी दारे याच विषयातून उघडतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे

दर वर्षी एप्रिलमध्ये डीजेवर किती खर्च झाला, याची चर्चा आपण करतो आणि विसरतो. त्या खर्चाच्या एका छोट्या भागात, काही हजार रुपयांत, विद्यार्थ्यांसाठीचा चांगला सूक्ष्मदर्शक येतो. विहारातल्या अभ्यासिकेत तो असेल तर कांद्याची साल, परागकण, डबक्यातले पाणी मुले स्वतः पाहतील. या, आणि स्वतः पाहा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

बारावी झालेल्या मुलांची पुस्तके, वह्या आणि प्रश्नपत्रिका गोळा करून ठेवा. वस्तीतल्या परिचारिका, प्रयोगशाळेत काम करणारे दादा, आशाताई यांना महिन्यातून एकदा तासभर बोलवा. आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की प्रत्येक मूल एक मुद्दा पुस्तक न पाहता आपल्या भाषेत इतरांना समजावून सांगेल. जे सांगता येते, तेच लिहिता येते. इंग्रजीला हसणाऱ्याला तिथे जागा देऊ नका. आणि सिकलची तपासणी शिबिरे घेता, तेव्हा या मुलांना सोबत घ्या. चौकट कशी मांडायची, हे ती फळ्यावर लोकांना दाखवतील. त्यांचा धडाही पक्का होईल आणि आपल्या घरातल्या लग्नाळू मुलामुलींना वेळेत माहितीही मिळेल.

सत्कार निकालानंतरचा असतो. मुलांना सोबत हवी असते ती निकालाच्या आधी, ऑक्टोबरपासून. यंदा आपल्या वस्तीत बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुले किती आहेत, एवढे तरी या आठवड्यात विचारून या.

जय भीम!